भाषणातला युक्तिवाद विद्यार्थ्यांना उलगडायला कसा शिकवावा?

मासुंदा, ठाणे

मी ठाण्यातील एका महाविद्यालयात द्वितीय वर्षाला मराठी शिकवते. संविधान सभेतील डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे २५ नोव्हेंबर १९४९ चे भाषण मराठी अनुवादातून वाचायला देऊन ‘वक्त्याने श्रोत्यांचे मन कसे वळवले आहे?’ असा प्रश्न मी विचारला होता. बहुतेक उत्तरांत भाषणाचा सारांश आला आणि उरलेल्यांत ‘भाषा ओघवती व परिणामकारक आहे’ एवढेच. वक्त्याची विश्वासार्हता, श्रोत्यांच्या भावना आणि तर्क हे ॲरिस्टॉटलने सांगितलेले तीन मार्ग मी आधी समजावले होते, पण मुलांनी तीन रकाने आखून त्यांत वाक्ये वाटून टाकली. ही मुले मन लावून वाचतात, म्हणूनच मला वाईट वाटते. सारांशाच्या पुढे त्यांना कसे न्यावे?

पारसिक, कळवा

मी निवृत्त शिक्षक आहे आणि हेच भाषण अनेक वर्षे शिकवले आहे. ‘काय म्हटले?’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘हे इथेच का म्हटले?’ असे विचारून पाहा. भाषणाचा आरंभ आकड्यांनी होतो: २ वर्षे, ११ महिने, १७ दिवस, ११ अधिवेशने, मांडल्या गेलेल्या दुरुस्त्या. मुलांना हा भाग रुक्ष वाटतो व ती तो गाळतात. पण सभेने फार वेळ घेतला, पैसा वाया गेला, असा आरोप तेव्हा होत होता आणि आकडे त्याला उत्तर म्हणून आले आहेत. त्यानंतर ते सभेचे घटनात्मक सल्लागार बेनेगल नरसिंग राव व मसुदा समितीतील सहकाऱ्यांना श्रेय देतात, मग संविधानावरील टीकेला उत्तर देतात. इथे थांबता आले असते, असे स्वतःच म्हणून ते देशाच्या भवितव्याकडे वळतात आणि गंभीर इशारे त्यानंतरच येतात. हिशेब चोख ठेवणाऱ्या आणि श्रेय वाटून देणाऱ्या माणसाचा इशारा श्रोते वेगळ्या कानाने ऐकतात.

वर्गात मी एक परिच्छेद कागदाने झाकायला सांगत असे आणि विचारत असे की आता पुढचे काय लटके पडले. पहिल्या इशाऱ्यापाशी हा प्रयोग फार चांगला जमतो. सत्याग्रह, असहकार, कायदेभंग हे मार्ग आता सोडावेत, असे सांगणारा माणूस १९२७ साली महाडच्या सत्याग्रहाचे नेतृत्व केलेला आहे. ‘मग तुम्ही काय केले होते?’ हा प्रश्न श्रोत्यांच्या मनात येणारच. सनदशीर मार्ग उपलब्ध नव्हते तेव्हा ते मार्ग समर्थनीय होते, असा भेद ते तिथेच करतात. हा मजकूर झाकला की संपूर्ण इशारा आत्मविरोधी वाटू लागतो. हे एकदा दिसले की मुले रकाने विसरतात.

एक पथ्य मात्र पाळावे. मूळ भाषण इंग्रजीत आहे, त्यामुळे अनुवादावरून रचनेचे विश्लेषण करता येते, शब्दनिवडीचे करू नये.

पामबीच, नेरूळ

पारसिक सरांशी मी सहमत आहे, पण आपल्याकडची न्यायशास्त्राची, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्राची, रीतही वापरावी असे सुचवतो. प्रतिज्ञा (सिद्ध करायचे विधान), हेतू (कारण), उदाहरण, उपनय (ते प्रस्तुत बाबीला लावणे) आणि निगमन (निष्कर्ष) अशी पाच अंगे तिथे सांगितली आहेत. पर्वतावर अग्नी आहे, कारण धूर दिसतो. जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. लेखातील प्रतिज्ञा व हेतू मुलांना सहज सापडतात. शोधायची असते ती त्या दोघांना जोडणारी, बहुधा न बोललेली व्याप्ती, म्हणजे ‘जिथे धूर तिथे अग्नी’ यासारखा नियम.

आमच्या सोसायटीच्या सभेत एका सभासदाने फार प्रभावी भाषण केले. शेजारच्या सोसायटीने पुनर्विकास केला आणि त्यांना मोठी घरे मिळाली, म्हणून आपणही विलंब करू नये, असा त्यांचा मुद्दा होता. शेजाऱ्यांचा भूखंड, चटई क्षेत्र निर्देशांक (भूखंडावर किती बांधकाम करता येते ते प्रमाण) आणि सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या अटी आमच्यासारख्याच आहेत, हे त्यांनी गृहीत धरले होते, उच्चारले नव्हते. ते गृहीतक खरेही असू शकेल, पण सभेत त्यावर एकही प्रश्न आला नाही. अशा लहान उदाहरणावर हात बसला की मोठ्या भाषणाकडे जावे.

मासुंदा, ठाणे

दोन्ही उत्तरांनी फार मदत झाली. एक शंका उरते. अशा चिरफाडीत प्रतिमा आणि भावना ही केवळ सजावट आहे, असा मुलांचा समज होईल का?

ग्रंथसंग्रहालयाचा वाचक, ठाणे

होईल, जर प्रतिमेलाही तोच प्रश्न विचारला नाही तर. आंबेडकरांच्याच ‘मूकनायक’ या पाक्षिकाच्या ३१ जानेवारी १९२० च्या पहिल्या अंकातील अग्रलेख त्यांना द्यावा, तो मुळातच मराठीत असल्यामुळे शब्दांवरही बोलता येईल. त्यात हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली आहे. एकेक जात म्हणजे एकेक मजला, आणि या मनोऱ्याला शिडी नाही. ज्या मजल्यावर जन्म, त्याच मजल्यावर मरण. शिडी नाही, या एका तपशिलावर सगळा युक्तिवाद उभा आहे. नुसत्या उंच-सखल मजल्यांतून विषमता दिसली असती, पण कष्टाने वर जाता येईल असा समज शिल्लक राहिला असता. शिडी काढून घेतल्यावर खालच्या मजल्यावरच्या माणसाला ‘लायक हो, मग वर ये’ असे सांगण्याची सोय उरत नाही. वाचकाला संताप येतो तो याच तर्कामुळे, म्हणून इथे भावना आणि तर्क वेगळे काढता येत नाहीत. मनोऱ्याऐवजी डोंगराची उपमा घेतली असती तर काय निसटले असते, हे मुलांना लिहायला सांगावे.

मासुंदा, ठाणे

डोंगराला पायवाट असते, हे वाचतानाच लक्षात आले. मंगळवारच्या तासाला हाच अग्रलेख नेते आणि कागदाने झाकण्याचा प्रयोग शिडीच्या वाक्यापासून सुरू करते. मुलांची उत्तरे आली की इथेच लिहीन.