धर्मग्रंथात आयुष्याची सगळी उत्तरं असतात, हे तुम्हाला खरंच पटतं का?

गोंधळलेला_धाकटा:
घरात सध्या ताईच्या घटस्फोटाचा विषय चालू आहे. नवरा मारायचा, हे सगळ्यांना माहितीये, काकांनापण. तरी काल काका ग्रंथ घेऊन बसले, खुणेची पट्टी लावलेलं पान उघडलं आणि म्हणाले बघ, इथे लिहिलंय, बाईने सहन करावं. कुठला धर्म ते मुद्दाम सांगत नाही, नाहीतर भांडण तिकडेच जाईल. मला प्रश्न हा पडलाय की त्याच ग्रंथात व्याज खाऊ नये असंही लिहिलंय आणि काकांच्या एफड्या मी स्वतः रिन्यू करून देतो. मग कुठली ओळ पाळायची आणि कुठली सोडायची हे ते कुठून ठरवतात? ते सांगणारं पान तर ग्रंथात नाही ना.

तिरका_वाचक:
मुद्द्याचं बोललास भावा. बायबलमधलं लेवीय पुस्तक काढ, १९वा अध्याय. १८व्या वचनात शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम कर असं आहे, आणि लगेच १९व्यात दोन जातींच्या धाग्यांचं कापड अंगात घालू नको असं. पहिलं भिंतीवर फ्रेम करून लावतात, दुसरं कुणाला आठवतही नाही. बरं, निवडलं ते चांगलंच निवडलं, माझी तक्रार त्याबद्दल नाहीये, पण चाळणी तुमच्या हातात होती ती ग्रंथाने दिलेली नव्हती एवढं तरी कबूल करा की. आणि चाळणी वाईट असली की काय होतं? अमेरिकेत गुलामगिरीच्या बाजूचे आणि विरोधातले दोघंही बायबलच दाखवत होते. १८४५ मध्ये दक्षिणेतले बाप्टिस्ट पंथाचे ख्रिस्ती वेगळे झाले ते याच भांडणातून. त्याच लेवीयच्या २५व्या अध्यायात परक्या लोकांमधून गुलाम विकत घ्यायची परवानगी आहे, आणि बायबलच्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात, २३व्या अध्यायात, पळून आलेल्या गुलामाला मालकाच्या हवाली करू नको असंय. घ्या, हवं ते घ्या!

ओवी_रोजची:
मी रोज ज्ञानेश्वरी वाचते, त्यामुळे थोडं टोचलं. वडील गेले तेव्हा मला उत्तर वगैरे काही नको होतं, रात्री झोप लागत नव्हती आणि त्या ओव्या सोबतीला होत्या, बास. पण सोबत वेगळी आणि हुकूम वेगळा, हे मात्र मान्य. आणि गीतेबद्दल म्हणाल तर ती स्वतःच १८.६३ ला अर्जुनाला सांगते, यथेच्छसि तथा कुरु, म्हणजे नीट विचार कर आणि तुला वाटेल ते कर.

तिरका_वाचक:
@ओवी_रोजची ताई, मान्य, पण १६.२४ पण वाचा ना. काय करावं काय करू नये यात शास्त्रच प्रमाण, असं स्पष्ट आहे तिथे. आणि ६३ नंतर तीनच श्लोकांनी सगळे धर्म सोड आणि मला एकट्याला शरण ये. तुम्ही ६३ उचललात कारण तुम्ही मुळात समंजस आहात. शंकराचार्यांना ७०० श्लोकांत ज्ञान आणि संन्यास दिसला, टिळकांना मंडालेच्या तुरुंगात कर्मयोग, गांधींना अहिंसा. ग्रंथ तोच हं!

ओवी_रोजची:
हम्म. १६.२४ मी इतक्या वेळा वाचलाय, पण कधी थांबले नाही तिथे, हे खरं. @गोंधळलेला_धाकटा काकांशी श्लोकाला श्लोक, वचनाला वचन असं भांडू नकोस. त्यात ते जिंकतील, त्यांचं आयुष्य गेलंय त्यात.

एक_प्रवासी:
ग्रंथाशिवाय नीती राहणारच नाही असं म्हणणारे येतीलच आता, म्हणून आधीच लिहून ठेवतो. चोरी वाईट हे लहान पोराला त्याची गोष्टीची पुस्तकं पळवली की कळतं. त्याला वाचतासुद्धा येत नसतं तेव्हा.

गोंधळलेला_धाकटा:
धागा ताईला दाखवला. हसली, बऱ्याच दिवसांनी. म्हणाली काकांना ओळ विचारू नकोस, पुस्तक बाजूला ठेवायला सांग आणि विचार की त्यांच्या स्वतःच्या मुलीला नवऱ्याने मारलं असतं तर त्यांनी तिला काय सांगितलं असतं. रविवारी येतायत ते.