स्ट्रक्ट टाकला सॉकेटवर आणि भट्टी गेली ११५ कोटी अंशांवर

भट्टीवाला:
काल 'सरळमार्गी' यांनी इथं जे लिहिलं ते आधी जसंच्या तसं चिकटवतो, म्हणजे नंतर "मी असं म्हणालोच नव्हतो" नको.

"सी मध्ये दोन मशीन एकमेकांशी बोलवायला टाइप, स्कीमा, जनरेट केलेला कोड, कॉलबॅक ही सगळी थेरं आहेत. दोन्हीकडं एकच हेडर फाइल ठेवा, स्ट्रक्ट उचला, सेंड करा, पलीकडं रिसीव्ह करून कास्ट करा. चार ओळी. बाकीचं ज्यांना सी येत नाही त्यांच्यासाठी."

(नवख्यांसाठी: स्ट्रक्ट म्हणजे मेमरीत एकामागोमाग ठेवलेल्या फील्डांचा गठ्ठा, त्याची मांडणी हेडर फाइलीत. स्कीमा म्हणजे मेसेजच्या मांडणीचा नमुना. कास्ट म्हणजे आलेले बाइट अमुक टाइपचेच आहेत असं धरून चालणं. कॉलबॅक म्हणजे मेसेज आला की लायब्ररीनं बोलवायचं तुमचं फंक्शन.)

जेवताना वाचलं आणि घास तिथंच राहिला. कारण ह्याच चार ओळी मी पाच वर्षांपूर्वी कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या एका फाउंड्रीत लिहिल्या होत्या. नाव सांगत नाही, मालक अजून ओळख देतात. आठ छोटे बोर्ड, त्यांचा डेटा गोळा करणारा एक लिनक्सचा गेटवे, हेडर फाइल एकच. वर्षभर गाडी सुरळीत. मग तापमान पूर्णांकाऐवजी फ्लोट, म्हणजे दशांश आकडा, केलं. तीन बोर्डांत नवं फर्मवेअर गेलं, गेटवे बदलायचा राहिला. दोन्ही टाइप चार बाइटचे, त्यामुळं साइझऑफची, म्हणजे लांबीची, तपासणी आरामात पास. १४५० अंशांचा फ्लोट पूर्णांक म्हणून वाचला की १,१५,२७,२९,०८८ होतो. कॅल्क्युलेटर काढून बघा. सूर्याच्या गाभ्यातसुद्धा दीड कोटीच्या आसपास असतं ओ!

हे परवडलं, कारण वेडा आकडा डोळ्यात भरतो. पुढच्या महिन्यात भट्टीची कॉइल गार ठेवणाऱ्या पाण्याची दोन तापमानं, आत जातानाचं आणि बाहेर येतानाचं, स्ट्रक्टमध्ये खालीवर झाली. दोन्ही फ्लोट, दोन्ही आकडे पटण्यासारखे. अलार्म बाहेरच्या पाण्यावर लावलेला, तो अकरा दिवस आतलं गार पाणी बघत बसला होता.

"एकच हेडर फाइल" हे वाक्य कागदावर छान आहे. फाइल एकच असते, पण बायनरी कुठली कोणत्या दिवशी बनवली हे फाइलला माहीत नसतं. एलसीएम ही मेसेजची लायब्ररी बघा, एमआयटीच्या टीमनं २००७च्या डार्पा अर्बन चॅलेंजच्या, म्हणजे विनाचालक गाड्यांच्या शर्यतीच्या, गाडीसाठी बनवलेली. प्रत्येक मेसेजच्या डोक्यावर ६४ बिटांचा ठसा. फील्डची नावं, टाइप, क्रम यांवरून काढलेला. ठसा जुळला नाही तर डीकोडच होत नाही, तुमच्या कॉलबॅकपर्यंत कचरा पोचतच नाही. माझे दोन्ही घोटाळे पहिल्याच मेसेजला पकडले असते.

सरळमार्गी:
फर्मवेअर अर्धवट टाकायचं आणि दोष सी ला द्यायचा, वा भावा. पहिल्या बाइटला व्हर्जन नंबर घातला असता तरी भागलं असतं. एका बाइटचं काम, त्यासाठी सबंध लायब्ररी ओढून आणायची?

आणि टाइपचं एक वेळ सोडा, कॉलबॅकचं बोला. टाइप टाइप म्हणून ओरडता आणि त्याच फंक्शनच्या शेवटच्या आर्ग्युमेंटला काय असतं? व्हॉइड स्टार, कुठल्याही टाइपकडं बोट दाखवणारा पॉइंटर! यूजर डेटा म्हणे. त्यात काय आहे हे देवाला आणि रजिस्टर करणाऱ्यालाच माहीत.

माझी पण एक गोष्ट ऐका. एमक्यूटीटी या मेसेज पाठवायच्या पद्धतीवर काम होतं, मॉस्किटोची लायब्ररी. कॉलबॅकमध्ये मेसेज आला, मी त्याचा पॉइंटर रांगेत टाकला, दुसरा थ्रेड निवांत वाचायचा. टेबलावर तीन दिवस चाललं. साइटवर दर तासाला कुणाच्याही नावाचा डेटा कुणाच्याही खात्यावर. का? तर कॉलबॅक संपला की मेसेजची मेमरी लायब्ररी मोकळी करते. तुम्ही कॉपी घ्यायची. माझ्या चार ओळींत बफर माझा, वाचणारा मी, कधी वाचायचं ते मी ठरवणार. तुमच्यात कुठलं फंक्शन कधी, कुठल्या थ्रेडवरून येऊन दार वाजवेल याचा पत्ता नाही.

निवृत्त मास्तर:
दोघांनाही नमस्कार. हा वाद तुम्ही जन्मायच्या आधीचा आहे. सन कंपनीचा एक्सडीआर, डेटा तारेवर कसा मांडायचा याचा नियम, १९८७ साली कागदावर आला. सगळं चार बाइटांच्या पटीत, सगळं बिग एंडियन, म्हणजे मोठा बाइट आधी, मशीन कुठलंही असो. मांडणी सांगणारी एक्सची फाइल लिहायची, आरपीसीजेन हा कोड बनवणारा प्रोग्रॅम चालवायचा, दोन्हीकडचा कोड तयार. आम्ही हे प्रयोगशाळेत करून घ्यायचो. समांतर प्रोग्रॅमांसाठीचं एमपीआयसुद्धा १९९४ पासून प्रत्येक सेंडला टाइप मागतं. फक्त तो टाइप तारेवरून जातोच असं नाही. पलीकडं वेगळा मागितलात तर प्रोग्रॅम चुकीचा ठरतो, पण तसं तुम्हाला कुणी सांगेलच याची हमी नाही.

आता पोरं एकाच लॅपटॉपवर दोन टर्मिनल उघडतात आणि "सर, डिस्ट्रिब्यूटेड झालं" म्हणतात. दोन्हीकडं तोच प्रोसेसर, तोच कंपायलर, तेच पॅडिंग, म्हणजे फील्डांमधले रिकामे बाइट. चूक दिसणार कशी? ३२ बिटांच्या एआरएम बोर्डवर लाँग चार बाइटचा, ६४ बिटांच्या लिनक्सवर आठचा, हे प्रात्यक्षिकाच्या वहीत लिहिलेलं असतं, बघितलेलं कुणी नसतं. आणि बाह्य परीक्षकाला वही नीट बांधलेली हवी, एवढंच! बांधणी बघून मार्क. मी वीस वर्षं...

असो. बीपी वाढतं.

सरळमार्गी:
मास्तर, पॅडिंगला पॅक्ड लावायचं की, रिकामे बाइट गायब. एक शब्द.

निवृत्त मास्तर:
लावा. आणि मग त्या पॅक्ड स्ट्रक्टमधल्या फ्लोटचा पॉइंटर दुसऱ्या फंक्शनला द्या, कॉर्टेक्स एमझिरो या छोट्या प्रोसेसरवर. तो विषम पत्त्यावरून चार बाइट वाचत नाही, सरळ हार्ड फॉल्टला जातो, म्हणजे प्रोग्रॅम तिथंच बंद. एक शब्दच आहे, खरं आहे तुमचं.

कागलकरीण:
मास्तर, मी तुमच्याच बॅचची असेन बहुतेक. माझी वही चांगली बांधलेली होती :)

सरळमार्गी दादा, मेमरीचं तुमचं बरोबर आहे आणि चुकीचंही आहे. कॉलबॅक कुठल्या थ्रेडवर येतो हे लायब्ररीवर असतं. एलसीएममध्ये तुम्ही स्वतः 'हँडल' हे फंक्शन बोलावता तेव्हाच कॉलबॅक येतो, तुमच्याच थ्रेडवर. दार तुम्ही उघडल्याशिवाय कुणी वाजवत नाही. आणि सबस्क्राइबचं फंक्शन प्रत्येक टाइपसाठी वेगळं जनरेट होतं. तापमानाच्या मेसेजला पाण्याचा हँडलर लावून बघा, कंपायलर तिथंच ओरडतो. व्हॉइड स्टार फक्त तुमच्या स्वतःच्या सामानासाठी राहतो. कॉपी घ्यावी लागते हे मात्र तिथंही तसंच.

माझी चूक वेगळीच होती. मी कॉलबॅकमध्येच डेटाबेसला लिहीत होते. एरवी काही नाही, पण शिफ्ट बदलताना सगळ्या मशीनचे मेसेज एकदम यायचे. यूडीपी होतं, त्यात सांडलेला मेसेज परत येत नाही, मी डिस्कची वाट बघत उभी, मागं बफर भरून सांडतोय. महिनाभर माझी खात्री होती की नेटवर्कची केबल खराब आहे. दोनदा बदलून घेतली. बर्कलेच्या लोकांनी १९९२ मध्ये ॲक्टिव्ह मेसेजेस मांडले तेव्हाच म्हटलं होतं, हँडलरनं मेसेज उचलून चालू कामात घालायचा आणि बाजूला व्हायचं, अडून बसायचं नाही. मी ते केबल बदलल्यावर वाचलं.

पंचगंगाकाठ:
तुम्ही सगळे हुशार आहात, पण माझ्या धाकट्या भावाच्या प्रोजेक्टचं उत्तर द्या. पंचगंगा नदीच्या पातळीचा इशारा देणारी सिस्टिम. एलसीएमच वापरलं, ठसा वगैरे सगळं रीतसर. फील्डचं नाव 'पातळी', टाइप डबल. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याला इशारा ३९ फूट, धोका ४३ फूट, म्हणून स्क्रीनवाल्यानं ३९ला भोंगा लावला. सेन्सरच्या बाजूचा पोरगा शहाणा, त्यानं मीटर पाठवले. डेमोला ३९ फुटांएवढं पाणी दाखवलं, म्हणजे ११.९. ठसा जुळला, टाइप जुळला, कॉलबॅक वेळेवर आला आणि स्क्रीन म्हणाली नदी ११.९ फुटांवर, निवांत झोपा. परीक्षकांसमोर!

नासाचं मंगळावरचं यान १९९९ मध्ये असंच गेलं ना? एकीकडं पाउंड, दुसरीकडं न्यूटन, आकडा तोच. मग तुमचा टाइप काय कामाचा?

पुण्यात अडकलेला:
ह्याचं उत्तर सोपं आहे. सगळीकडं मीटर करा. जग मीटरमध्ये मोजतं, तुम्ही अजून फुटात बसलाय. एक कॉन्स्टंट बदला, विषय संपला.

पंचगंगाकाठ:
विषय संपला? तू २०१९च्या ऑगस्टमधल्या महापुरात कुठं होतास मर्दा?

आम्ही सुतारमळ्याजवळ राहतो. माझ्या आजीला मीटर म्हणजे विजेचा मीटर. पण "३९ झालं" म्हटलं की ती धान्याचे डबे माळ्यावर टाकायला लागते आणि "४३ होणार" म्हटलं की कागदपत्रांची पिशवी उचलते. कुणी शिकवलेलं नाही. त्या वर्षी ती ऐंशी वर्षांची होती आणि आमच्या सगळ्यांच्या आधी तयार होती. तिला १३.१ मीटर सांगितलं असतं तर ती म्हणाली असती बरं, चहा टाकते.

भट्टीवाला:
हे मात्र खरं आहे. त्या वेळी हायवे शिरोलीजवळ बंद झाला होता, आम्ही इकडं, माल तिकडं. सगळ्यांच्या तोंडी फूटच होते.

पुण्यात अडकलेला:
भावनिक होऊ नका. शास्त्रीय कामात एकच पद्धत असावी एवढंच म्हणतोय. तुमच्याकडं धरणाचा विसर्ग अजून क्युसेकमध्ये. कोण वापरतं?

उद्यमनगरी:
राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की अख्खा जिल्हा वापरतो. सात दरवाजांपैकी किती उघडले आणि किती क्युसेक, एवढ्यावर गाव ठरवतं जनावरं हलवायची का नाही.

आणि शास्त्राचं सांगू नका. माझ्या लेथवर ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये येतं, मायक्रॉनपर्यंत माल देतो, पण कारागिराला सांगताना "दोन सूत सोड" असंच सांगतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. वाळू ब्राशीत, जमीन गुंठ्यात, सोनं तोळ्यात. पुण्यात फ्लॅट काय चौरस मीटरवर घेतलात का चौरस फुटावर?

पुण्यात अडकलेला:
कार्पेट एरिया चौरस मीटरमध्येच असतो करारात.

उद्यमनगरी:
करारात. बायकोला काय सांगितलंत?

पुण्यात अडकलेला:
...साडेसहाशे फूट.

कागलकरीण:
खूप हसले. पण काठावरच्या भाऊंच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच की. आजीला फूट दाखवायचे की मीटर हा स्क्रीनचा प्रश्न. तारेवरून काय जातं ते वेगळं.

सरळमार्गी:
थांबा, मला आनंद घेऊ द्या. म्हणजे ६४ बिटांचा ठसा, जनरेट केलेला कोड, टाइप असलेला कॉलबॅक एवढं सगळं करूनही भोंगा वाजला नाही. माझ्या चार ओळींनी पण वाजला नसता. फरक काय पडला? फक्त तुमचा घोटाळा जास्त रीतसर झाला.

भट्टीवाला:
पडतो फरक, ऐका. मी मघाशी म्हटलं की ठसा फील्डच्या नावावरूनही निघतो. स्ट्रक्टचं नाव त्यात मुद्दाम धरत नाहीत, पण आतल्या फील्डचं नाव धरतात. 'पातळी' असं मोघम नाव ठेवलं म्हणून फसले. 'पातळी_फूट' ठेवा. सेन्सरवाल्या पोरानं आपल्या फाइलीत 'पातळी_मीटर' केलं की ठसा बदलला, डीकोड फेल, एरर पहिल्या मिनिटाला. तुमच्या कास्टला नाव कळतच नाही. त्याला फक्त बाइट दिसतात.

पंचगंगाकाठ:
आणि पोरानं नाव फूटच ठेवून आत मीटर भरले तर?

भट्टीवाला:
तर त्या पोराला नदीत सोडा. सगळंच लायब्ररीनं करायचं का लका?

निवृत्त मास्तर:
हेच प्रात्यक्षिकात ठेवायला हवं होतं मी. नाव बदला आणि काय फुटतं ते बघा. सुचलं नाही. एक्सडीआरमध्ये नाव तारेवरून जात नाही, टाइपही जात नाही. दोन्ही बाजूंनी आधीच ठरवलेलं असतं असं धरून चालतात. म्हणजे तुमच्या ११५ कोटींना आमचा एक्सडीआरही अडवू शकला नसता, हे मान्य करतो. जड अंतःकरणानं.

सरळमार्गी:
मास्तर मान्य करतायत म्हणजे मलाही काहीतरी करावं लागणार. ठीक आहे. टाइप घालतो, ठसा घालतो. माझ्या हातानं लिहीन, लायब्ररी नको. आणि कॉलबॅक नाही म्हणजे नाही. लूप माझा, मेसेज आला की स्विच, प्रत्येक टाइपला एक केस.

कागलकरीण:
स्विचमध्ये प्रत्येक केसला एक फंक्शन बोलावणार ना दादा?

सरळमार्गी:
हो.

कागलकरीण:
आणि टाइप वाढले की स्विच लांबतो म्हणून त्या फंक्शनांचे पॉइंटर एका टेबलात ठेवणार?

सरळमार्गी:
...त्याला मी कॉलबॅक म्हणणार नाही.

उद्यमनगरी:
नका म्हणू. दोन सूत म्हणा.

सरळमार्गी:
झालं समाधान सगळ्यांचं? काठावरच्या भाऊंसाठी मीच आज रात्री ते मेसेज नीट लिहून देतो. फील्ड 'पातळी_फूट', टाइप डबल. भोंगा ३९ला, दुसरा ४३ला. आकडे रोज पेपरात येतात त्यावरून टेस्ट घेतो.

पंचगंगाकाठ:
आभारी आहे. एकच शंका. पेपरात "३९ फूट ६ इंच" असं येतं. ते तुम्ही ३९.६ भरणार का ३९.५?

सरळमार्गी:
आयला.