मदत हवी आहे: स्पॅनिश आज्ञार्थ – 'आब्ला' की 'आब्ले'?

स्पॅनिशच्या ए२ (प्राथमिक पातळीच्या) परीक्षेची तयारी चालू आहे. 'बोला' म्हणून 'आब्ला' लिहिलं, चूक. 'बोलू नकोस'ला 'नो आब्ला' लिहिलं, तेही चूक. 'खा'साठी मात्र 'कोमे' आणि 'कोमा' दोन्ही दिसतात. शिवाय 'मे' (मला), 'लो' (ते) हे शब्द कधी मागे चिकटतात, कधी पुढे सुटे येतात. नियम काय आहे?

प्रतिसाद १
इथे मराठी कान फसवतो. 'आब्ला' ऐकलं की 'बोला' वाटतं, पण ते 'तू बोल' आहे. मानाचं रूप 'आब्ले'. आर-अंती क्रियापदात असं, तर एर आणि ईर-अंतींत बरोबर उलट: 'कोमे' म्हणजे तू खा, 'कोमा' म्हणजे आपण खा.

मानाचं (उस्तेदचं, म्हणजे 'आपण'चं) रूप करताना 'मी'चं वर्तमानकाळी रूप घ्या, शेवटचा ओ काढा आणि उलटा स्वर लावा (आर-अंतीला ए, एर आणि ईर-अंतीला आ): तेंगो–तेंगा, साल्गो–साल्गा, दीगो–दीगा. ज्यांचं 'मी'चं रूप ओवर संपत नाही ती पाठच करायची: सेआ (सेर), बाया (ईर), एस्ते (एस्तार), दे (दार), सेपा (साबेर). 'तू'ची अनियमित रूपं आठ: दी (सांग), आस (कर), बे (जा), पोन (ठेव), साल (बाहेर नीघ), से (हो), तेन (जवळ ठेव), बेन (ये).

नकारात 'तू'चं वेगळं रूप चालत नाही. उस्तेदचं रूप घेऊन स लावायचा: नो आब्लेस, नो कोमास. 'नकोस'मधला स लक्षात ठेवा, काम होतं. उस्तेदला स नाही: नो आब्ले.

प्रतिसाद २
'पागार'चं (पैसे देणे, आपला पगार पोर्तुगीजमधून आला, त्याचाच हा भाऊबंद) 'पागे' लिहिताना ग नंतर यू घालावा लागतो, नाहीतर वाचताना 'पाखे' होतं. 'बुस्कार' (शोधणे)–'बुस्के'मध्ये सीऐवजी क्यूयू येतात, कारण तेच. परीक्षेत गुण इथेच जातात.

सर्वनामं होकारात क्रियापदाच्या शेवटी जोडून, नकारात त्याच्या आधी सुटी: दीमेलो (मला ते सांग), नो मे लो दीगास. 'दीमे'वर आघातचिन्ह नाही, 'दीमेलो'वर आहे. शब्द लांबला तरी जोर पहिल्याच अक्षरावर ठेवायचा असतो म्हणून.

प्रश्नकर्ता
अनेकांना सांगायचं असेल तर? आणि 'बसा' जर 'स्येंतेसे', तर 'बसू नका' म्हणजे 'नो स्येंतेसे' ना?

प्रतिसाद १
लॅटिन अमेरिकेत अनेकांना एकच रूप, 'आब्लेन'. मित्र असोत की साहेब, आपल्या 'बोला'सारखंच. स्पेनमध्ये मित्रमंडळींना सहसा 'आब्लाद', नकारात 'नो आब्लेइस'. अर्जेंटिनात 'तू'ऐवजी 'बोस' चालतं, त्यामुळे 'बेन'चं 'बेनी' होतं आणि 'आब्ला'चा जोर शेवटच्या अक्षरावर जातो. परीक्षेपुरतं हे कळलं तरी पुष्कळ.

'नो स्येंतेसे' नाही. नकार आला की 'से' सुटून पुढे येतो: नो से स्येंते. 'तू'ला स्येंताते, नो ते स्येंतेस.