टाउनशिपमध्ये गांज्याचं दुकान येतंय, सुनावणीत काय मांडावं?

सायली_एनजे
आम्ही अमेरिकेत, न्यू जर्सी राज्याच्या मधल्या भागात (सेंट्रल जर्सीत) राहतो. २०२१ मध्ये आमच्या टाउनशिपने गांजाविक्रीला नकार दिला होता. आता नव्या कौन्सिलने (निवडून आलेल्या गावसभेने) दोन दुकानांना परवानगी देणारा ऑर्डिनन्स, म्हणजे गावचा स्थानिक कायदा, आणलाय. पहिलं वाचन झालं, पुढच्या मीटिंगला सुनावणी आहे. ज्या पट्ट्यात परवानगी द्यायचं चाललंय, तिथेच आमचं नेहमीचं किराणा दुकान आहे आणि वर माझ्या मुलीचा कथकचा क्लास. व्हॉट्सॲपवर सगळे नुसते घाबरलेत. मला उठून बोलायचंय, पण तीन मिनिटांत असं काय बोलू की कौन्सिलला दखल घ्यावीच लागेल?
आणखी एक. नवऱ्याचा मित्र येऊ घातलेल्या गांज्याच्या दुकानात थोडे पैसे गुंतवा म्हणून मागे लागलाय. आम्ही ग्रीन कार्डवर आहोत.

हर्षद७८
सरळ विरोध करा. सह्या गोळा करा, क्लासमधल्या सगळ्या पालकांना घेऊन जा. राज्यातल्या बहुतेक गावांनी २०२१ मध्ये नकारच दिला होता, तुमचंच गाव वेगळं का?

वसुधाताई
सायली, मी आमच्या गावच्या प्लॅनिंग बोर्डावर आहे, असे अर्ज आमच्यापुढे आलेत. नको असेल तर नको म्हण, तो तुझा हक्कच आहे. पण कौन्सिलची मतं आधीच जुळली असतील तर तुझी तीन मिनिटं ऑर्डिनन्सच्या मजकुरावर खर्च कर, असं मी कळकळीने सांगते.

आधी व्याख्या वाच. 'शाळेपासून इतके फूट' असं कलम बहुतेक ऑर्डिनन्समध्ये असतं, पण 'शाळा' म्हणजे काय ते वेगळं लिहिलेलं असतं. नाचाचा क्लास, शिकवणी, मंदिरातले रविवारचे वर्ग त्यात सहसा धरत नाहीत. ते धरा, अशी लेखी मागणी दे. अंतर कुठून कुठे मोजायचं तेही विचार: दारापासून की प्लॉटच्या हद्दीपासून? मॉलचं पार्किंग मोठं असेल तर हद्दीपासून मोजल्यावर एवढ्यानेच एखादी जागा बाद होते.

किती दुकानं, कुठे, कोणत्या वेळेत, हे ठरवायचा अधिकार राज्याच्या कायद्याने गावाला दिलाय. डिलिव्हरी मात्र गावाला अडवता येत नाही. म्हणजे गावाने नकार दिला तरी माल घरपोच येऊ शकतो. हर्षद, विरोधाचा हिशोब करताना हेही धरायला हवं.

पैशाचं. दुकानाच्या विक्रीवर गावाला जास्तीत जास्त २ टक्के कर लावता येतो. १० लाख डॉलरच्या विक्रीमागे २०,००० डॉलर. यातून प्रॉपर्टी टॅक्स उतरेल असं कोणी म्हणत असेल तर विक्रीचा अंदाज कुठून काढला, ते विचार. आकडा मीटिंगच्या लेखी नोंदीत (मिनिट्समध्ये) आला पाहिजे.

ऑर्डिनन्स मंजूर झाला म्हणजे संपलं असंही नाही. दुकानदाराला परवान्यासाठी राज्याच्या गांजा कमिशनकडे जाताना गावाचा पाठिंब्याचा ठराव लागतो. तो कोणत्या निकषांवर देणार, हे आत्ताच लिहून घ्या. पुढे दुकानाला झोनिंगमधून (कुठल्या जागेत काय चालवता येईल याच्या नियमांतून) सूट हवी असेल तर सुनावणीची नोटीस २०० फुटांच्या आतल्या मालमत्तांच्या मालकांना जाते. भाडेकरूंना नाही! तुझ्या क्लासच्या बाई भाड्याच्या जागेत असतील तर त्यांना पत्र येणारच नाही. टाउनशिपचा अजेंडा त्यांना दर वेळी बघायला सांग.

मंदार_डेन्व्हर
आमच्याकडे, कोलोराडोत, १ जानेवारी २०१४ पासून दुकानं आहेत. राज्याचं आणि शहराचं, दोन्ही लायसन्स लागतात. घरांच्या किमतींवर इथे वाद चालूच राहतात. माझ्या ओळखीतल्या लोकांना प्रत्यक्ष त्रास झाला तो वासाचा. तोही दुकानांपेक्षा लागवडीच्या गोदामांचा जास्त. शहराने नंतर वास आवरायचा आराखडा सक्तीचा केला. तुमच्या ऑर्डिनन्समध्ये लागवडीलाही परवानगी आहे का, ते आधी बघा. वेळही पक्की करून घ्या. डेन्व्हरची दुकानं संध्याकाळी ७ ला बंद व्हायची, २०१७ मध्ये ती रात्री १० पर्यंत नेली.
दुसरी बाजूही सांगतो. परवान्याच्या दुकानात २१ वर्षांखालच्याला आत घेत नाहीत, दारातच आयडी बघतात. कोपऱ्यावरच्या विनापरवाना विक्रेत्याकडे असं काही नसतं.

वसुधाताई
गुंतवणुकीचं राहिलं. अजिबात नको. केंद्रीय कायद्यात गांजा अजून नियंत्रित पदार्थच आहे. एप्रिल २०१९ मध्ये इमिग्रेशन खात्याने स्पष्ट लिहिलंय की राज्यात कायदेशीर असलं तरी या धंद्यातल्या सहभागामुळे नागरिकत्वाच्या अर्जात 'चांगलं चारित्र्य' नाकारलं जाऊ शकतं. त्यात नोकरीसुद्धा आली. तुमचा कोणी भाचा-पुतण्या तिथे काउंटरवर काम शोधत असेल आणि नागरिक नसेल, तर त्यालाही सांगा. आधी इमिग्रेशनचा वकील गाठा, मित्राला उत्तर नंतर द्या.

सायली_एनजे
ताई, मंदार, खूप आभार. ऑर्डिनन्सची पीडीएफ उघडली. व्याख्येत फक्त पब्लिक आणि प्रायव्हेट शाळा आहेत, अंतर दारापासून दारापर्यंत, लागवडीचा उल्लेख नाही. कथकच्या बाईंना फोन केला, त्या भाडेकरूच आहेत आणि त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्या स्वतः बोलायला येतायत. ताई, व्याख्येतली दुरुस्ती मी आधी टाउनशिपच्या क्लार्ककडे लेखी द्यावी, की सुनावणीतच वाचून दाखवावी?

वसुधाताई
दोन्ही. क्लार्कला आजच ईमेल कर, सगळ्या कौन्सिल सदस्यांना पाठवायला सांग. सुनावणीच्या रात्री शब्दन् शब्द वाच आणि प्रत टेबलावर ठेवून ये. मोठा बदल मान्य झाला तर त्यांना पुन्हा सुनावणी घ्यावी लागू शकते, म्हणून जितकं आधी जाईल तितकं बरं.