हर्णै बंदरातील होड्यांची सायंकाळची छायाचित्रे काळवंडतात

प्रश्न

डिसेंबरच्या अखेरीस मी दोन दिवस हर्णैला होतो. दुपारी मासळीचा लिलाव सुरू झाल्यापासून सूर्यास्तापर्यंत पुळणीवर उभा राहून मी नांगरलेल्या होड्यांची शंभरेक छायाचित्रे घेतली. परंतु जवळजवळ सर्वांत आकाश पांढरेफटक आणि होड्या काळ्या आल्या आहेत. त्यांचे निळे-तांबडे रंग, डोलकाठ्यांवरची निशाणे, यांतले काहीच उतरले नाही. एक्स्पोजर (कॅमेऱ्यात शिरणारा उजेड) वाढवले की होडी दिसते, पण उजेडाचा सोनेरीपणा नाहीसा होतो. कॅमेऱ्याच्या कोणत्या सेटिंगने हे साधेल?

प्रतिसाद १

सेटिंगने साधणार नाही, जागा बदलावी लागेल. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे पुळणीवरून समुद्राकडे पाहणाऱ्याला सायंकाळी होडीची सावलीतली बाजूच दिसते. बंदरालगतच्या कनकदुर्ग किल्ल्याच्या टेकाडावर जाऊन बंदराकडे वळून पाहा. सूर्य पाठीशी किंवा डाव्या हाताला येतो आणि तेच रंग उजळून निघतात. डिसेंबरात सूर्य पश्चिमेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला मावळतो, मेअखेरीस जवळपास तितकाच उत्तरेला सरकतो. म्हणून वायव्येकडच्या सुवर्णदुर्ग या जलदुर्गाच्या तटावर तिरपा उजेड हवा असेल, तर हिवाळाच बरा.

दुसरी गोष्ट भरतीची. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत आहे: अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास येते आणि सूर्यास्ताला ओहोटी असते. त्या वेळी मागे सरलेल्या पाण्याने ओली राहिलेली वाळू आरशासारखी चकाकते, आणि जे प्रतिबिंब भरतीच्या लाटांत कधीच मिळत नाही ते तिथे आयते मिळते. माझा अनुभव असा की सुट्टी रविवार पाहून नव्हे, तिथी पाहून घ्यावी. (घरी हे कोणाला पटत नाही.)

प्रतिसाद २

वरील मत बहुतांशी मान्य आहे, पण काळ्या होड्यांना सरसकट दोष म्हणू नये. छायाकृतीच (उजळ आकाशापुढची काळी आकृती) घ्यायची ठरवली, तर एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे निम्म्याने, कमी करावे आणि दोन होड्यांच्या डोलकाठ्या एकमेकींत मिसळणार नाहीत अशा ठिकाणी सरकावे. पाण्यावर होडी नांगराभोवती सावकाश फिरत असते, म्हणून थोडे थांबले तरी नाळ (होडीचे पुढचे टोक) वेगळी दिसू लागते. आपल्या छायाचित्रांत ना धड छायाकृती आहे ना धड रंग, खरी अडचण तिथे आहे. शटरचा वेग १/२५० सेकंदापेक्षा मंद ठेवू नये, कारण हेलकावणारी होडी पुसट येते.

प्रतिसाद ३

सोनेरीपणा जाण्याचे एक कारण ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने आपोआप केलेले रंगांचे समायोजन) असू शकते; तो उजेडातला पिवळेपणा दोष समजून काढून टाकतो. ‘डेलाइट’वर ठेवा, किंवा रॉ फाइल (रंग नंतर बदलता येतील अशी कच्ची फाइल) घ्या. पोलरायझर (चकाकी कमी करणारा भिंगावरचा फिल्टर) सूर्याच्या काटकोनात अधिक काम करतो, समोर सूर्य असताना त्याचा फारसा उपयोग नाही. लिलावात जवळून छायाचित्र घेण्यापूर्वी कोळणींना विचारावे; भाव चालू असताना मध्ये येणारा माणूस त्यांना नको असतो.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. पुढच्या पौर्णिमेला कनकदुर्गावरून सुरुवात करतो आणि ओहोटी लागली की पुळणीवर उतरतो.