तेराव्याला सही मागू नका

मांजलपूरची लेक:
काल आपल्या बडोद्याच्या ग्रुपवर एका काकांनी लिहिलं, "बहिणींनी हक्क कमी करून द्यावा, म्हणजे आपला वाटा सोडावा, माहेर टिकतं. आणि वडील 2005 च्या आधी गेले असतील तर मुलींचा प्रश्नच येत नाही." पहिलं त्यांचं मत. दुसरं साफ चूक आहे, आणि ते वाचून उद्या कोणीतरी सही करून बसेल म्हणून लिहितेय.

वडिलांनी स्वतः कमावलेलं घर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर बायको, आई, मुलगे, मुली सगळ्यांना सारखा वाटा. हे 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासून आहे. 9 सप्टेंबर 2005 ला बदललं ते वडिलोपार्जित मिळकतीचं, मुलगीही जन्मानेच सहहिस्सेदार झाली. त्या दिवशी वडील हयात हवेत का, हा घोळ सुप्रीम कोर्टाने 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा खटल्यात मिटवला. हयात असण्याची अट नाही. 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर झालेली वाटणी मात्र उकरता येत नाही.

माझ्या आत्याने आजोबांच्या तेराव्याला सही केली. पंगत उठायची होती, तेवढ्यात काकाने कागद पुढे केला, "वारसाईला लागतो" म्हणाला. पुढे ती विधवा होऊन परत आली तेव्हा रावपुऱ्यातल्या त्याच घरात तिला माळ्यावरची खोली मिळाली. तीही उपकार म्हणून.

दांडिया बाजार:
तारखा पाठ आहेत तुम्हाला. माझी आई अर्धांगवायूने नऊ वर्षं अंथरुणावर होती. बहीण न्यू जर्सीला, दर रविवारी फोन. आई गेल्यावर तिसऱ्या महिन्यात व्हॉट्सअॅपवर विचारते, घराचं काय. हा न्याय?

निवृत्त तलाटी:
ताई, कायदा एक, व्यवहार वेगळा. जन्मभर वारसाईच्या नोंदी केल्या. बहुतेक बहिणी हसत हक्क सोडल्याचा जबाब देऊन जायच्या.

मांजलपूरची लेक:
भाऊ शेजारी उभा असताना हसणारच. काका, तुमच्या नोंदीने मालकी जाते का, तेवढं सांगा.

निवृत्त तलाटी:
नाही जात. ती महसुलापुरती. घरातला हक्क सोडायचा तर दस्त नोंदवावाच लागतो, मानलं. पण वाटा हवा तर आईबापाची जबाबदारीही घ्या.

मांजलपूरची लेक:
2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात मुलगीही येतेच. दादा, बहिणीकडे खर्चाचा अर्धा भाग मागितला होता कधी?

दांडिया बाजार:
बहिणीपुढे हात पसरू? आमच्यात ही रीत नाही.

कारेलीबाग:
मग वडिलांना तरी सांगायचं होतं. स्वकष्टाचं घर ते एकट्या तुमच्या नावे लिहू शकत होते. दोन साक्षीदार पुरतात, मृत्युपत्राला नोंदणीचीही सक्ती नाही. आणि एक विचारते. नऊ वर्षं आईला अंघोळ कोण घालत होतं, तुम्ही की वहिनी?

दांडिया बाजार:
मी दुकान बघून जमेल तेवढं करत होतो. आमच्या घरात डोकावायचं काम नाही.

कारेलीबाग:
घर तुम्हीच इथे आणलंत! सेवेवर वाटा ठरवायचा तर पहिला वहिनींचा. आणि नवरा असताना सून सासूसासऱ्यांची वारस नसते. हे कोणाला टोचत नाही, बहिणीचं तेवढं टोचतं.

निवृत्त तलाटी:
सुनेचा विषय इथे कुठे आला?

वाडीतली सून:
इथेच आला. मी सासूबाईंचं सात वर्षं केलं. रात्री दोनदा उठून कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. घर सासऱ्यांच्या नावावर. माहेरी वडिलांच्या घरातला हक्क मी 2011 मध्ये कमी करून दिला, कारण "माहेर टिकतं" हेच मलाही सांगितलं होतं. इथे माझं नाव नाही, तिथलं मी घालवलं. भाऊबिजेला अजून जाते, पण स्वतःची म्हणायला मला एक भिंतही नाही.

दांडिया बाजार:
वहिनी, हे वाचून बोलवत नाही. ठीक आहे, बहिणीचा वाटा नाकारत नाही. पण औषधांचा, नर्सचा हिशोब तिच्यासमोर मांडणार.

मांजलपूरची लेक:
जरूर मांडा. त्यात बायकोच्या नऊ वर्षांचंही काहीतरी धरा.

वाडीतली सून:
माझी सही फक्त तलाटीकडच्या जबाबावर आहे. दस्त झालेला नाही. अजून काही होतं का?

निवृत्त तलाटी:
त्या नोंदीची आणि जबाबाची नक्कल काढा, सिटी सर्व्हेतून प्रॉपर्टी कार्ड घ्या, दिवाणी वकिलाला दाखवा. आणि याच आठवड्यात जा, उशीर तुमच्याच अंगावर येतो.