पंधरा वर्षांच्या मुलीला तिच्या मनाविरुद्ध मनोविकार विभागात दाखल करता येते का?

कृष्णाकाठ:
माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. दोन महिन्यांपासून तिचे जेवण तुटले आहे, शाळा बंद आहे, आणि गेल्या सोमवारी तिच्या कंपासपेटीत साठवून ठेवलेल्या गोळ्या सापडल्या. त्या दिवसापासून मी न्हाणीघराची आतली कडी काढून टाकली आहे आणि रात्री तिच्या खोलीच्या उंबऱ्याशी सतरंजी टाकून झोपतो. मानसोपचारतज्ज्ञांनी त्याच दिवशी तिला तपासून दाखल करण्याचा सल्ला दिला, परंतु ती "मला वेडी ठरवू नका" एवढेच म्हणते आणि यायला तयार नाही. तिची आई तीन वर्षांपूर्वी वारली, त्यामुळे निर्णय माझ्या एकट्याचा आहे. यासाठी न्यायालयाचा आदेश लागतो का, आणि एकदा दाखल केल्यावर तिला घरी आणणे माझ्या हाती राहते का?

वॉर्डातली ताई:
मी मनोविकार विभागात सामाजिक कार्यकर्ती आहे. आधी निकडीचे सांगते. आज रात्री तिने स्वतःला इजा करण्याची चिन्हे दिसली, तर कागदपत्रांची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावे. अशा वेळी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९४ खाली ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास बोलता येते.

न्यायालयाचा आदेश लागत नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा कायदा मे २०१८ पासून लागू आहे आणि त्याच्या ८७ व्या कलमात अठरा वर्षांखालील मुलांना दाखल करण्याची स्वतंत्र पद्धत दिली आहे. तिथे पालक हाच मुलाचा नामनिर्देशित प्रतिनिधी असतो, अर्ज तो करतो आणि उपचारांना संमतीही तोच देतो. मात्र दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, किंवा एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक वा डॉक्टर यांनी, मुलीला स्वतंत्रपणे तपासलेले असावे लागते, आणि ही तपासणी दाखल करण्याच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांतली हवी. म्हणजे सोमवारच्या तपासणीला सात दिवस उलटले असतील तर ती पुन्हा करून घ्यावी लागेल. एकाने लिहायचे आणि दुसऱ्याने नुसती सही करायची, हे चालत नाही. घरी राहून किंवा बाह्यरुग्ण विभागातून होणारे उपचार अपुरे पडले आहेत अथवा उघडच अयोग्य आहेत, हेही दोघांना पटले पाहिजे. मुलीची इच्छा विचारात घेणे बंधनकारक आहे. तिचा नकार अंतिम नसला, तरी तो केस पेपरवर तिच्याच शब्दांत लिहिला जावा, असा माझा आग्रह असतो.

तुमच्यासाठी एक बाब फार महत्त्वाची आहे. पालकाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने पूर्ण काळ मुलाजवळ राहायचे असते, आणि मुलगी असून प्रतिनिधी पुरुष असेल तर सोबतीला बाईमाणूसच लागते. घरातले कोण राहील, हे आधीच ठरवा.

दुसऱ्या मुलाची आई:
दादा, आमचा मुलगा सतरा वर्षांचा असताना आम्ही यातून गेलो. आम्ही गेलो त्या रुग्णालयाने त्याला सरळ मोठ्या पुरुषांच्या खोलीत खाट दिली होती. मुलांना प्रौढांपासून वेगळे ठेवणे कायद्याने सक्तीचे आहे, हे मी ठामपणे सांगितल्यावर संध्याकाळी व्यवस्था बदलली. तुम्ही ते पहिल्याच तासाला विचारा. तिसऱ्या रात्री मुलाने पाय धरले, तेव्हा यांनी डिस्चार्जचा अर्ज लिहूनही काढला होता. मी सकाळपर्यंत थांबा म्हटले, आणि सकाळी डॉक्टरांशी बोलल्यावर यांनीच तो फाडला.

वकील, नागपूर:
वरील माहितीला थोडी पुस्ती जोडतो. १९८७ च्या जुन्या मानसिक आरोग्य कायद्यातले न्यायदंडाधिकाऱ्यांचे आदेश लोकांना अजून आठवतात, म्हणून कोर्टाची भीती वाटते. आता तुम्ही पाठिंबा काढून घेतलात किंवा डिस्चार्ज मागितलात, तर रुग्णालयाला मुलीला सोडावेच लागते. अर्थात दुसऱ्या मुलाच्या आईंनी वर सांगितलेल्या तिसऱ्या रात्रीवरून दिसते की हा अधिकार वापरणे वाटते तेवढे सोपे नाही. पालकावरही देखरेख आहे. मुलाला असे दाखल केल्याची खबर प्रत्येक वेळी ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला द्यावी लागते. मंडळ मुलीला भेटू शकते आणि तिचे कागद तपासू शकते. मुक्काम तीस दिवसांपुढे गेला तर मंडळाला तत्काळ कळवावे लागते आणि मंडळाने सात दिवसांत फेरतपासणी करायची असते. तातडीच्या उपचारांचे ७२ तास आणि खबर देण्याचे ७२ तास यांत गल्लत करू नये. विजेच्या शॉकच्या उपचाराबद्दल घरात कुजबुज असेलच, म्हणून सांगतो की अल्पवयीन मुलांना तो पालकाच्या संमतीशिवाय आणि मंडळाच्या पूर्वपरवानगीशिवाय देता येत नाही, आणि भूल न देता तर कोणालाच नाही. माहितीची गोपनीयता कलम २३ खाली तिचा हक्क आहे, त्यामुळे रुग्णालय तुमच्या संमतीवाचून शाळेला काही कळवणार नाही.

कृष्णाकाठ:
सर्वांचा ऋणी आहे. माझी बहीण उद्या सकाळच्या गाडीने येते आहे. दुसरी तपासणी दुपारी ठरली आहे. मी मुलीला सगळे जसेच्या तसे वाचून दाखवले. शाळेला कळणार नाही, या वाक्यावर तिने मला थांबवले आणि ते पुन्हा वाचायला लावले. अजून ती हो म्हणालेली नाही. रात्री मात्र पिशवीत चित्रकलेची वही ठेवताना म्हणाली, "आत्या घोरते, तिची खाट माझ्यापासून लांब लावायला सांगा."